कडू तेलाचा साबण

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटण्याबरोबर साबणाची नवी वडी काढायची, हा आता घरोघरचा रिवाज झाला आहे. त्या वडीच्या वेष्टनावर वासाचे आणि रंगाचे कौतुक मोठ्या अक्षरांत असते. मागच्या बाजूला, चष्मा लावूनच वाचता येईल अशा अक्षरांत, आणखी एक आकडा छापलेला असतो : टीएफएम ७६ टक्के, ७० टक्के किंवा ६० टक्के. वडीतल्या एकूण स्निग्ध पदार्थाचे हे प्रमाण. भारतीय मानकानुसार अंगाच्या साबणाची प्रत याच आकड्यावर ठरते. पहिल्या प्रतीच्या १०० ग्रॅमच्या वडीत निदान ७६ ग्रॅम मेदाम्ले असावी लागतात. म्हणजे वडीचा तीन चतुर्थांश भाग मुळात तेल असतो. हे तेल कशाचे, कुठल्या जमिनीतले, हे मात्र वेष्टनावर सहसा नसते. आज ते बहुतेक पामचे असते आणि पाम तेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येते.

साबणात कोणते तेल जावे, हा प्रश्न वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वी गंभीरपणे विचारला गेला होता. तो विचारणारे लोक साबणाचे कारखानदार नव्हते. त्यांना काळजी होती ती गावाच्या जमिनीची आणि गावाच्या हातांची. त्यांच्या उत्तरातले काय रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरते, काय उतरत नाही आणि आज त्याचा उपयोग काय, हे तपासण्याचा या लेखाचा हेतू आहे.

मगनवाडीचा प्रश्न

ऑक्टोबर १९३४मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा ठराव झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि तिथले घर संघाला दिले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेचे नाव मगनवाडी पडले. गांधी स्वतः तिथे राहिले आणि एप्रिल १९३६च्या अखेरीस शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गेले. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेला आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकलेला हा माणूस. ग्रामोद्योगांकडे त्यांनी भाविकपणे पाहिले नाही, जमाखर्चाची वही घेऊन पाहिले.

मगनवाडीत हातकागद होता, मधमाश्या होत्या, भात सडणे होते, तेलघाणी होती, साबणही होता. त्यातली घाणी सर्वांत नावाजली. झवेरभाई पटेलांनी जुन्या बैलघाणीत सुधारणा करून जी घाणी बसवली, ती पुढे देशभर ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखली गेली. पण घाणी सुधारली की पुढचा प्रश्न आपोआप येतो : तेल निघाले, ते कुठे जाणार? काही पोटात जाईल, काही दिव्यात, काही साबणात.

इथे कुमारप्पांनी एक उदाहरण वारंवार पुढे ठेवले. मलबारात भाताची खाचरे नारळाच्या बागांखाली जात होती आणि त्या नारळाचे तेल साबणाच्या गिरण्यांकडे. शेतकऱ्याला रोख पैसा मिळत होता, पण त्या जमिनीतला भात मात्र नाहीसा होत होता. एकाच्या अंगावरचा फेस म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला भात, असा तो जमाखर्च होता. म्हणून खाण्याचे तेल साबणात घालू नये आणि साबणाला अखाद्य तेल वापरावे, अशी दिशा ग्रामोद्योगांनी धरली. दिव्याबाबतही हेच. खनिज रॉकेलऐवजी गावातल्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ नावाचा कंदील मगनवाडीत तयार झाला, तो याच विचारातून. खाणीतला साठा एकदा संपला की संपला; झाडाचे फळ मात्र दरवर्षी येते. साठ्यावर चालणारे अर्थकारण आणि प्रवाहावर चालणारे अर्थकारण, असा फरक कुमारप्पांनी केला तो त्यामुळेच.

गांधी स्वतः अंगाला साबण लावत नसत. मीराबेनने दिलेल्या एका खरबरीत दगडाने ते अंग घासत. नोआखालीच्या पदयात्रेत तो दगड मागे राहिला, तेव्हा मनू गांधींना तो आणायला त्यांनी परत पाठवले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. तेव्हा अंग स्वच्छ करायला साबणच हवा, असे त्या वर्तुळाचे म्हणणे मुळीच नव्हते. रिठा, शिकेकाई, बेसन, राख यांवर गावाचे भागत होतेच. पण बाजारातला साबण गावात शिरला होता आणि तो गावाबाहेर पैसा नेत होता. सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ सालीच कोलकात्याच्या बंदरात उतरल्या होत्या. साबण येणारच असेल, तर तो गावातल्या माणसाने गावातल्या कडू तेलाचा करावा, इतका साधा त्यांचा मुद्दा होता.

तेलाचे काय होते

हा मुद्दा कितपत टिकतो हे पाहायचे, तर साबण म्हणजे काय ते आधी पाहावे लागेल. तेल असो की चरबी, तिच्या प्रत्येक रेणूत एक ग्लिसरीन आणि त्याला धरून बसलेली तीन मेदाम्ले असतात. तीव्र खार या जोडणीवर येतो, ग्लिसरीन सुटे करतो आणि मेदाम्लांशी स्वतः जोडला जातो. मेदाम्ल आणि खार यांचा हा संयोग म्हणजे साबण. फ्रान्समध्ये शेव्रल यांनी १८२३ साली आपल्या ग्रंथात हे उलगडले. तोवर माणूस शेकडो वर्षे साबण करत होता, पण आत काय घडते ते त्याला माहीत नव्हते.

खार सोडियमचा असेल तर साबण घट्ट होतो, वडी पडते. पोटॅशियमचा असेल तर मलमासारखा मऊ होतो. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचा खार असतो, त्यामुळे राखेचा साबण मुळात मऊच.

दुसरी गोष्ट मापाची. प्रत्येक तेलाला खार वेगळ्या प्रमाणात लागतो. या प्रमाणाला साबणीकरण अंक म्हणतात. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. जवस आणि मोह यांना १३५च्या आसपास, निंबोळीच्या तेलाला साधारण १३८, करंजाला १३१ आणि एरंडेलाला १२८. मेदाम्लांच्या साखळ्या जितक्या आखूड, तितके एका किलोत रेणू जास्त आणि तितका खार जास्त. खोबरेलात लॉरिक नावाचे आखूड साखळीचे आम्ल जवळजवळ निम्मे असते, म्हणून त्याची मागणी मोठी. एका तेलाचे माप दुसऱ्याला लावले, तर वडीत खार उरतो आणि अंग चरचरते, किंवा तेल उरते आणि वडी खवट होते.

शिवारातल्या तेलांची पारख

आता वर्धा जिल्ह्याच्या शिवारात काय मिळते ते पाहू. नारळ इथे पिकत नाही. चांगला फेस आणि कडक वडी देणारे लॉरिक आम्ल आपल्या मातीत जवळपास नाहीच. जे आहे ते असे.

सरकी सर्वांत मुबलक. हिंगणघाटची बणी ही कापसाची जात एकेकाळी देशभर नावाजलेली होती, आणि कापूस आला की सरकी आलीच. सरकीच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलिक आम्ल असते. ते पातळ असते, म्हणून नुसत्या सरकीचा साबण मऊ पडतो आणि लवकर खवट होतो. कच्च्या तेलात गॉसिपॉल असल्याने रंगही काळपट. मात्र गिरणीत हे तेल सोड्याने शुद्ध करताना खाली जो गाळ बसतो, तो अर्धा साबणच असतो. धुण्याच्या स्वस्त साबणाला हा गाळ वर्षानुवर्षे चालत आला आहे. खाण्याच्या तेलाला हात न लावता त्याच्या टाकाऊ भागातून साबण, असे हे उदाहरण.

जवस विदर्भाचे जुने पीक. त्याच्या तेलात निम्मे किंवा त्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असते. ते हवेतला प्राणवायू शोषून वाळते, म्हणून जवसाचे तेल रंगाला आणि वॉर्निशला उत्तम. वडीला मात्र ते वाईट. पोटॅशबरोबर त्याचा मऊ साबण चांगला होतो आणि फरशी, लाकूड धुवायला तो युरोपात खूप वापरला गेला. शिवाय जवस खाण्याचे तेल आहे. जवसाची चटणी ज्यांच्या ताटात रोज असते, त्यांना हे सांगायला नको.

तीळ, भुईमूग, करडई ही तिन्ही खाण्याचीच. साबण यांचा होतो, पण त्यांना ताटातून काढून न्हाणीत नेण्यासारखे त्यांच्यात काही नाही.

एरंडी बांधावर येते. तिच्या तेलात रिसिनोलिक हे वेगळेच आम्ल ८५ ते ९० टक्के असते. नुसत्या एरंडेलाचा साबण पारदर्शक आणि चिकटसर होतो. पण दहा टक्क्यांपर्यंत दुसऱ्या तेलात घातले, तर फेस धरून ठेवते. मिठाच्या चिमटीसारखे ते वापरावे.

करंज ओढ्याकाठी असतो. त्याचे तेल पिवळट, उग्र वासाचे आणि कडू. त्यात ओलिक आम्ल जास्त, त्यामुळे साबण त्वचेला सौम्य पण वडी काहीशी मऊ आणि रंगाने गडद.

निंब तर प्रत्येक बांधावर आणि प्रत्येक अंगणात. निंबोळीच्या तेलात ओलिकबरोबर पामिटिक आणि स्टिअरिक ही घट्ट आम्लेही बऱ्यापैकी असतात, म्हणून हे तेल हिवाळ्यात थिजते आणि त्याची वडी बरी जमते. अडचण वासाची. हा वास गंधकाच्या संयुगांचा असतो आणि वर कितीही सुगंध ओतला तरी तो डोके वर काढतोच.

आणि मोह. जिल्ह्यात तो थोडा, पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात भरपूर. फुलांची चर्चा सर्वत्र होते, बियांची कमी. मोहाचे तेल साध्या तापमानातही तुपासारखे अर्धवट थिजलेले असते. त्यात पामिटिक आणि स्टिअरिक मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि उरलेल्यात बहुतेक ओलिक. ही रचना प्राण्यांच्या चरबीच्या बरीच जवळ जाते.

चरबीचा उल्लेख इथे ओघाने आला, पण तो महत्त्वाचा आहे. युरोपात कडक आणि टिकाऊ वडीचा आधार गाईबैलांची चरबी हाच होता. आपल्याकडे तिला धार्मिक आक्षेप होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला, तेव्हा चरबीमुक्त असणे हीच त्याची मोठी ओळख होती. तरीही चरबीची आयात स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे चालू राहिली. वनस्पती तुपात ती मिसळल्याचे प्रकरण गाजले आणि १९८३मध्ये तिच्या आयातीवर बंदी आली. चरबीची जागा घेणारे, झाडावरचे, अखाद्य म्हणून सहज बाजूला काढता येणारे तेल विदर्भाच्या जंगलात होते. पूर्वेच्या आदिवासी भागात मोहाचे तेल खाल्लेही जाते, हे मात्र विसरता कामा नये. तिथे त्याचा साबण करायचा की नाही, हा निर्णय बिया वेचणाऱ्यांचा.

थोडक्यात, तेलाच्या बाजूने मगनवाडीचे म्हणणे टिकते. मोह आणि निंब यांचा आधार, एरंडेलाची जोड, एवढ्यावर चांगली वडी होते. फेस कमी येतो, इतकेच. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, पण गिऱ्हाइकाला तो हवा असतो.

खार कुठून आणायचा

तेल गावचे, पण खार? ग्रामोद्योगी साबणाची खरी कसोटी इथे लागते.

तीव्र खार करण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अकराव्या अध्यायात क्षार तयार करण्याची कृती आहे. वनस्पती जाळून राख करायची, ती पाण्यात कालवून गाळायची आणि चुनखडी, शिंपल्यांसारखे पदार्थ भाजून त्या क्षारजलात मिसळायचे. भाजल्याने त्यांचा चुना होतो. तो सौम्य खारातला कर्बाम्लाचा अंश आपल्याकडे ओढून घेतो आणि मागे दाहक खार उरतो. साबणाला हवा तोच हा खार. सुश्रुताला तो शस्त्रक्रियेसाठी हवा होता. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात सौम्य आणि दाहक खारांच्या या फरकाची मुद्दाम दखल घेतली आहे.

सोडियमचा खारही विदर्भात होता. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी इतके खारट-तुरट की त्याचा पीएच दहाच्या घरात जातो. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर सोड्याचे थर उरत. त्यांच्या प्रतींना ‘डल्ला’, ‘पापडी’ अशी नावे होती. आईन-ए-अकबरीत या परिसराबद्दल काच आणि साबण करायला लागणारी सामग्री इथे मिळते, अशी नोंद आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडातला सोडा साबणासाठी ओळखला जात होता. वरठी मंडळी धुण्याला सज्जीखार आणि खारी माती वापरत, ती याच जातीची.

मग हा खार पुन्हा का वापरू नये? लोणारचे सरोवर आता संरक्षित आहे, २०२०मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि तिथला सोडा काढण्याचा विचारही करू नये. उरते राख. तिचा हिशेब मी मांडून पाहिला. जळालेल्या लाकडाची साधारण एक टक्का राख होते आणि तिचा दहावा हिस्सा पोटॅश धरू. एक किलो तेलाला पोटॅशियमचा दाहक खार सुमारे १९० ग्रॅम लागतो. तो करायला सुमारे २३५ ग्रॅम पोटॅश हवे. म्हणजे जवळपास अडीच किलो राख आणि तिच्यामागे सव्वादोन क्विंटलहून अधिक लाकूड. पऱ्हाटीसारख्या काडाची राख लाकडापेक्षा जास्त पडते, म्हणून तो आकडा पुष्कळ खाली येईल. चुलीतली राख नाहीतरी पडतेच, हेही खरे. पण गावभर साबण करायचा तर चुलीची राख पुरणार नाही, आणि झालेला साबण मऊ राहील तो वेगळाच. त्याची वडी करायची तर मीठ घालून सोडियमचा साबण करून घ्यावा लागेल.

म्हणून कॉस्टिक सोडा आला. ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा तो बहुतांशी परदेशातून येत होता. मिठापूरला टाटा केमिकल्स उभी राहिली ती १९३९मध्ये. म्हणजे झाड गावचे, घाणी गावची, हात गावचे आणि खार मात्र बोटीतून आलेला, अशी त्या स्वदेशी वडीची स्थिती होती. टीका करणाऱ्यांना हे सोपे लक्ष्य. पण जमाखर्च नीट मांडला तर चित्र वेगळे दिसते. कॉस्टिक सोडा आज मिठाच्या पाण्यातून विजेने करतात. एका किलो सोड्याला सुमारे अडीच युनिट वीज लागते. एका किलो तेलाच्या साबणाला १३० ते १४० ग्रॅम सोडा म्हणजे एक तृतीयांश युनिट वीज आणि थोडे मीठ. दोन क्विंटल लाकडापुढे हे काहीच नाही. खार विकत आणण्यात गावाची हार नाही. वडीत वजनाने खार थोडा, तेल पुष्कळ. जमीन गुंतलेली असते ती तेलात.

करून पाहायचे तर

ज्यांना हात लावून पाहायचे आहे त्यांच्यासाठी दोन मापे देतो. पहिले पूर्णपणे कडू तेलांचे : मोह ४५० ग्रॅम, निंबोळी ४५० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम. याला बरोबर लागणारा कॉस्टिक सोडा सुमारे १३६ ग्रॅम होतो. पण निंबोळीचे तेल दर घाणीला थोडे बदलते, म्हणून पाच टक्के कमी, म्हणजे १२९ ग्रॅम घ्यावा. तेल थोडे उरलेले बरे, खार उरता कामा नये. दुसरे माप फेसासाठी थोडी तडजोड करणारे : मोह ४०० ग्रॅम, निंबोळी ३०० ग्रॅम, खोबरेल २५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. याला पाच टक्के वजा जाता १४० ग्रॅम सोडा. पाणी दोन्हीला ३३० ग्रॅम. सगळे वजनाने, मापट्याने नाही.

सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच ओतायचे नाही. मिश्रण उकळीसारखे तापते आणि वाफ घशाला लागते, म्हणून हे काम अंगणात करावे. भांडे स्टीलचे. ॲल्युमिनियमचे मुळीच नको, कारण सोडा ते खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. लहान मुले आसपास नकोत. थेंब अंगावर उडाला तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत राहून लगेच डॉक्टरांकडे जावे.

मोहाचे तेल पातळ करून बाकीच्यांत मिसळावे. तेल आणि सोड्याचे पाणी दोन्ही हाताला कोमट लागतील इतके, म्हणजे ४०–४५ अंशांवर आले की पाण्याची धार तेलात सोडत ढवळावे. मिश्रण दाट कढीसारखे झाले आणि वरून टाकलेली रेघ क्षणभर उमटून राहिली की साच्यात ओतावे. एक-दोन दिवसांनी कापावे आणि सावलीत, वारा लागेल असे चार ते सहा आठवडे ठेवावे. एवढ्या वेळात राहिलेला खार आणि तेल एकमेकांत मिसळून संपतात, पाणी उडते आणि वडी कडक होते. घाईने वापरलेली वडी अंगाला लागते आणि लवकर विरघळते.

हातच्या साबणाचा एक फायदा बहुधा सांगितला जात नाही. सुटलेले ग्लिसरीन वडीतच राहते. कारखान्यात ते बरेचदा काढून वेगळे विकतात.

जमिनीचा जमाखर्च

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाच माणसांचे घर माणशी महिन्याला १०० ग्रॅमची एक वडी वापरते असे धरू. वर्षाला साठ वड्या, प्रत्येकीत सुमारे ८० ग्रॅम तेल, म्हणजे जवळपास पाच किलो. हे तेल कोरडवाहू जवसाचे असते, तर एकरी दीड क्विंटल बी आणि घाणीत तीस टक्के तेल धरून एकरी ४५ किलो. म्हणजे त्या एका घराच्या आंघोळीला चार-साडेचार गुंठे जमीन. दोनशे घरांच्या गावाला एकवीस-बावीस एकर. ही सगळी जमीन तेव्हा ताटातून न्हाणीत गेलेली असेल.

हेच तेल निंबोळीचे असेल तर? मोठ्या झाडाला तीस किलो ताजी फळे धरू. वाळवून, सोलून त्यांतून तीन किलो मगज आणि घाणीत एक किलोच्या आसपास तेल. म्हणजे एका घराला पाच झाडे, गावाला हजार. मोह आणि करंज जोडीला आले तर याहून कितीतरी कमी. बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात उभी असलेली ही झाडे शेताची एक तासही अडवत नाहीत आणि ढेप परत शेतात खत म्हणून जाते. हे आकडे मोजमापाचे नाहीत, अंदाजाचे आहेत. कोणी ते कमीजास्त करील, पण दोन बाजूंतला फरक त्याने पुसला जाणार नाही.

मग हा साबण चालला का नाही? काही अंशी चालला. स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९५७पासून आपल्या उद्योगांत ‘अखाद्य तेले व साबण’ हा वेगळा विभाग ठेवला. खादी भांडारात मिळणारा निंबाचा साबण त्याच वाटेने आला. मगनवाडीच्या जागेत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि ग्रामीण रसायन उद्योग हा तिच्या कामाचा एक भाग आहे.

पण गावाच्या रोजच्या धुण्यातून तो गेला, याची कारणे दोन. पहिले पाणी. आपल्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातल्या चुन्याशी साबण जोडला जातो आणि कपड्यावर चिकट साय बसते. १९६९मध्ये अहमदाबादेत निरमा निघाली आणि पाठोपाठ स्वस्त डिटर्जंट पावडरी गावोगाव पोहोचल्या. जड पाण्यात त्या साबणाहून चांगल्या चालतात. त्यांचा कच्चा माल खनिज तेलातून येतो, म्हणजे कुमारप्पांच्या भाषेत साठ्यातून. पण धुणाऱ्या बाईला मळ निघालेला हवा होता, आणि तिचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरे कारण वेळेचे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. निंबोळी पिकून गळते ती जून-जुलैत, मिरगाच्या पावसाच्या तोंडावर. तेव्हाच पेरणी, तेव्हाच डवरणी, तेव्हाच सगळे हात शेतात. दोन पाऊस पडले की झाडाखालच्या निंबोळीला बुरशी धरते आणि तेलातले सुटे आम्ल वाढते. साबणाला ते तितकेसे बाधत नाही, कारण त्या आम्लालाही खार साबणच करतो. पण वेचायला माणूस लागतोच. त्या दिवसांत निंदणाची मजुरी मिळत असताना निंबोळी वेचायची, तर किलोमागे पुरेसा भाव हवा. तो आजवर क्वचितच मिळाला. झाडाची जमीन फुकट असली, तरी वेचणारीचा दिवस फुकट नसतो. मगनवाडीच्या जमाखर्चात हा रकाना भरायचा राहून गेला, असे मला वाटते.

म्हणून आजच्या घडीला मला ग्रामोद्योगी साबणाचे स्वप्न जसेच्या तसे मांडावेसे वाटत नाही. गावातल्या प्रत्येक घराने साबण करावा, अशी गरज नाही. पण एका बचतगटाने निंबोळीचा आणि मोहाच्या बियांचा भाव पेरणीच्या आधी जाहीर केला, वेचणारीला दिवसाच्या मजुरीइतका पैसा दिला आणि तेल एका ठिकाणी काढून वडी केली, तर तिचा दर किराणा दुकानातल्या वडीहून जास्त पडेल आणि तो जास्त का, हे सांगता येईल. वडी घेणाऱ्याला जमिनीचा आणि मजुरीचा असा दोन्ही हिशेब त्या दरात दिसेल. सध्या वेष्टनावर फक्त टीएफएम असतो. त्याखाली तेलाचे नाव आणि गावाचे नाव छापायला शाईचा खर्च फारसा येत नाही.